पांढऱ्या रोपांतलं हिरवं रोप

तंबाखूचं बी खसखशीपेक्षाही बारीक असतं. आगरच्या एका थाळीवर शेकडो बिया सहज मावतात. आगरमध्ये कॅनामायसिन हे प्रतिजैविक घातलेलं असलं, तर अंकुर फुटतात, दोन इवली पानं उघडतात आणि हळूहळू पांढरी पडतात. अशा थाळ्या निवडत बसण्याचं काम मी जवळून पाहिलं आहे. मान दुखते, डोळे शिणतात, आणि शोधायचं काय, तर एखादा हिरवा ठिपका.

याच कंटाळवाण्या कामातून ॲडलेड विद्यापीठातल्या जेरेमी टिमिस यांच्या गटाने २००३ साली उत्क्रांतीतली एक घटना चक्क मोजली. हरितलवक हा अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी पेशीत शिरलेला नीलहरित जीवाणू. त्याच्या मोकळ्या भाऊबंदांकडे आजही हजारो जनुकं आहेत. तंबाखूच्या हरितलवकात जेमतेम शंभराच्या आसपास उरलीत. काही कायमची गेली, पुष्कळशी पेशीच्या केंद्रकात मुक्कामाला आली. पण हे स्थलांतर कधीकाळी होऊन संपलं, की अजून चालू आहे?

गटाची युक्ती मला फार आवडते. कॅनामायसिनला दाद न देणारं जनुक त्यांनी हरितलवकातच बसवलं, पण तिथे ते चालूच नये अशा बेताने. त्याचा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा भाग, केंद्रकाच्या धाटणीचा, आणि मधोमध एक इन्ट्रॉन, जो फक्त केंद्रकाची यंत्रणाच छाटू शकते. मग या झाडांचे पराग साध्या तंबाखूच्या फुलांवर टाकले. तंबाखूत हरितलवकं जवळजवळ नेहमी आईकडूनच येतात. त्यामुळे बापाकडचं हे जनुक पोरात काम करताना दिसलं, तर ते केंद्रकात जाऊन बसलंय हे नक्की.

अडीच लाख रोपं तपासली. १६ हिरवी राहिली. म्हणजे साधारण १६,००० परागकणांमागे एक. पराग पिकताना हरितलवकं मोडतात, त्यांचा डीएनए सुटतो आणि केंद्रकातल्या तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत कधीकधी सांधला जातो.

अर्थात पोचणं म्हणजे रुजणं नव्हे. इथे जनुकाला केंद्रकाचा प्रवर्तक आधीच जोडलेला होता. निसर्गात तो आयता मिळत नाही. शिवाय तयार झालेलं प्रथिन माघारी धाडायला पत्ताही लागतो. म्हणून बहुतेक तुकडे निकामी होतात. क्वचित एखादं जनुक टिकतं. हरितलवकासारखंच तंतुकणिकेतूनही (मायटोकॉन्ड्रियातूनही) केंद्रकात स्थलांतर होतं: तिच्यातलं कॉक्स-२ हे जनुक सोयाबीनमध्ये दोन्हीकडे आहे, पण काम करतं ते केंद्रकातलं. चवळीच्या आणि मुगाच्या तंतुकणिकेतून तर ते पुरतं नाहीसं झालं आहे.