कळीची प्रजाती : नसण्यातून कळणारं असणं

परिसंस्था म्हणजे सजीव, त्यांच्या भोवतालचं पाणी-खडक-प्रकाश आणि या सगळ्यांमधली देवाणघेवाण, हे आपण मागे पाहिलं. आजचा प्रश्न असा : या देवाणघेवाणीत कोणाचं महत्त्व किती, हे ठरवायचं कसं? संख्येवरून? वजनावरून?

आपल्याकडे कारण ओळखायची जुनी रीत आहे, अन्वय-व्यतिरेक. माती असेल तर घडा होतो, हा अन्वय. माती नसेल तर घडा नाही, हा व्यतिरेक. ही रीत मनात ठेवा.

1963 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या पॅसिफिक किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या प्राणिशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग सुरू केला. भरती-ओहोटीच्या मधल्या खडकाळ पट्ट्यात तारामासे असतात, जांभळे, नारिंगी. (नावात मासा असला तरी हा मासा नव्हे.) पेनने खडकाच्या एका तुकड्यावरचे तारामासे उपटून समुद्रात फेकायला सुरुवात केली, आणि पुन्हा पुन्हा येऊन फेकत राहिला. शेजारचा तुकडा तसाच ठेवला. म्हणजे इथे व्यतिरेक, तिथे अन्वय.

आता बघा, या पट्ट्यात अन्नापेक्षा टंचाई कशाची असते? जागेची. मुंबईत खोलीचा प्रश्न, तसा तिथे खडकाचा. या स्पर्धेत सर्वांत जोरकस असतात मसल नावाचे काळपट शिंपले, गोव्यातल्या शिनाण्यांचे नातलग. तारामासा त्यांना खातो, आणि त्यामुळे खडक मोकळा होत राहतो. तो गेल्यावर आधी बार्नॅकल पसरले, मग मसलांनी त्यांनाही रेटलं. शेवाळं, इतर चिकटून राहणारे जीव हटत गेले. 15 प्रजातींपैकी 8 उरल्या. शेजारच्या तुकड्यावर असं काही झालं नाही.

संख्येने थोडा, पण ज्याच्या नसण्याने सगळी रचना बदलते, अशा जीवाला पेनने 1969 मध्ये जे नाव दिलं, त्याला मराठीत आपण 'कळीची प्रजाती' म्हणतो. मूळ शब्द कमानीच्या माथ्यावरच्या दगडावरून घेतलाय. बाकीच्या दगडांसारखाच तो एक दगड; पण काढला की कमान खाली.

यावरून कोणी म्हणेल, 'बघा, हिंसाही हितकारकच!' थांबा. निसर्गात काय घडतं यावरून माणसाने काय करावं हे निघत नाही. ती उडी तर्कात बसत नाही. शिवाय प्रत्येक भक्षक कळीचा नसतो. कोण कळीचा, ते त्या त्या ठिकाणी तपासूनच ठरतं.

आणखी एक बारकावा. मसलांच्या दाट थरात, शिंपल्यांच्या फटींमध्ये शेकडो प्रकारचे बारीक जीव राहतात. ते मोजले तर चित्र बदलतं! पेनची मोजणी खोटी नव्हती. ती खडकावर जागा धरणाऱ्या मोठ्या जीवांची होती. म्हणून 'विविधता घटली' असं कोणी म्हणालं, की आधी विचारावं : कशाची, आणि कुठे मोजली?

वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलं, ते उगीच नव्हे. मात्र पेनचा अभाव एका छोट्या तुकड्यापुरता होता, आणि शेजारी तारामासे शिल्लक होते. 2013 पासून त्याच किनारपट्टीवर रोगाने तारामासे मोठ्या प्रमाणावर मेले. तिथे मात्र 'तसाच ठेवलेला' शेजारचा तुकडा शोधायचा कुठे? जपण्याचा विचार नसण्याच्या आधी करायचा असतो, तो यासाठी.