मीटरला एलईडी लावा, पण चार्जिंगचा दिवा सोडून

धंद्याच्या जुन्या गाड्या आपण रात्री-अपरात्रीही काढतो. मीटरचे दिवे मंदावले की काटा दिसत नाही. ते बदलून एलईडी बसवण्याचे काम घरच्या घरी होऊ शकते.

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. स्क्रू सोडवून मीटर हळूच पुढे घ्यावा. जुन्या गाडीत मागे स्पीडोमीटरची केबल असते, ती सोडवावी. बहुतेक होल्डर थोडे फिरवले की निघतात. मागच्या छापील पट्टीला ओरखडा पडू देऊ नये.

साध्या बल्बला उलटसुलट नसते, एलईडीला असते. पेटला नाही तर फिरवून बसवावा. तयार एलईडी बल्बमध्ये रेझिस्टर असतो. सुटा एलईडी मात्र थेट लावला तर जळतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज 14 च्या वर जाते. पांढऱ्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट व 20 मिलिअँपिअर पुरतात, म्हणून 680 ओहमचा रेझिस्टर जोडावा.

आता महत्त्वाचे. बॅटरीचे चित्र असलेला चार्जिंगचा दिवा बदलू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. एलईडीतून तो फारच थोडा जातो. मग अल्टरनेटर वेळेवर चार्ज करीत नाही आणि बॅटरी उतरते. गिऱ्हाइकाची गाडी असेल तर आपले नावही जाते. तेथे जुन्याच वॅटचा बल्ब ठेवावा आणि सर्व दिवे तपासूनच मीटर बंद करावा.