बाभूळ आणि हिवर

ढोकी परिसरात बांधावर आढळणारी बाभूळ आणि हिवर ही एकाच प्रजातीतली काटेरी झाडे. फुले-शेंगा नसताना साल पाहणे सर्वांत भरवशाचे: बाभळीची काळपट, खोल भेगांची, हिवराची पांढुरकी. बहरात मात्र गल्लत होणे अशक्यच. बाभळीचे पिवळेधमक गोंडे पानांच्या बेचक्यात येतात, तर हिवराचे फिकट पिवळसर गोंडे फांद्यांच्या टोकांना मोठ्या झुबक्यांनी लगडतात आणि पावसाळा सरताना सारा माथाच उजळतो. बाभळीची राखाडी शेंग दर बीमागे आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. हिवराची बारीक, चपटी, वाकडी. दोन्ही शेंगा शेळ्या आवडीने खातात. पूर्वी दोघांची गणना ‘अकेशिया’त होई. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत ते नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांना गेले. आता ही दोन्ही ‘व्हॅचेलिया’त मोडतात.