‘छान आहे’ याच्या पुढचं बोला

मंडळाच्या ग्रुपवर कुणी फोटो टाकला की पुढच्या पाच मिनिटांत काय होतं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आधी तीन-चार अंगठे, मग ‘मस्त’, ‘एक नंबर’, एखाद्या मावशींचे जोडलेले हात, आणि तेवढ्यात कुणीतरी भलत्याच विषयावरचा निरोप ढकलतं. फोटो काढणारा मात्र रात्री झोपण्याआधी तीच यादी पुन्हा वरखाली करून बघतो. छान म्हणजे नेमकं काय छान? आकाशाचा रंग, की आजीचा चेहरा, की केवळ आपल्या ओळखीच्या मुलाने काढला म्हणून छान? याचं उत्तर त्या अंगठ्यांत नसतं. ते मिळालं नाही की चार-सहा महिन्यांत बरीच मुलं कंटाळतात आणि कॅमेरा पुन्हा वाढदिवसापुरता उरतो.

आपल्या पलसाण्यापासून नवसारी जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. त्या नवसारीत 9 डिसेंबर 1913 रोजी एका पारशी घरात होमाई व्यारावाला जन्मल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचं नाव घेतात, 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पण सुरुवातीला त्याही आपल्यासारख्याच हौशी होत्या. मुंबईत वाढल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, आणि कॅमेरा हाती आला तो माणेकशा व्यारावालांमुळे, ज्यांच्याशी पुढे त्यांचं लग्न झालं. त्यांचे पहिले छापून आलेले फोटो होते बायकांच्या एका क्लबच्या सहलीचे. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने ते घेतले आणि एका फोटोला एक रुपया दिला.

त्या रुपयाचा विचार करून बघा. कौतुक घरातही झालं असेल. पण ज्याचं रोजचं काम फोटो निवडण्याचं आहे, अशा अनोळखी माणसाने ढिगातून हे फोटो उचलले आणि त्यासाठी पैसे मोजले. नवख्या माणसाला याहून स्पष्ट अभिप्राय कोणता मिळणार? पुढे ‘इलस्ट्रेटेड वीकली’त त्यांचे फोटो आले, पण सुरुवातीचे बरेचसे माणेकशांच्या नावाने. म्हणजे कामाला दाद होती, ती भलत्याच पत्त्यावर पोहोचत होती. आजही एखाद्या मुलीने काढलेला फोटो घरातला मोठा भाऊ आपल्या स्टेटसवर टाकतो आणि शाबासकी खातो, हे दृश्य मी पाहिलेलं आहे. भावांनो, खाली तिचं नाव लिहायला दोन सेकंद लागतात.

एकमेकांचे फोटो बघून त्यावर बोलायचं, ही रीतही आपल्याकडे जुनी आहे. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. फ्रान्समध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला तो 1839 मध्ये, म्हणजे मधे फक्त पंधरा वर्षं गेली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीत होते. पेशाने डॉक्टर आणि हौसेने छायाचित्रकार. आपल्या हातात आज जो फोन आहे, त्याच्या मानाने त्यांचा खटाटोप डोंगराएवढा: रसायनं कालवा, काच ओली असतानाच फोटो घ्या, लगेच अंधाऱ्या खोलीत पळा. एवढं करून तयार झालेला ठसा चार जाणकारांसमोर ठेवायचा आणि ते काय म्हणतात ते ऐकायचं. आपल्याला तर नुसतं बोट टेकवायचं आहे, त्यामुळे आपण चाळीस फोटो काढतो आणि चाळीसच्या चाळीस पाठवून देतो.

पाठवणाऱ्याकडून होणारी पहिली गडबड हीच, असं मला वाटतं. मंडळातल्या एका अकरावीतल्या मुलाने मध्यंतरी मला फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, “काकू, खरं खरं सांगा.” मी त्याला म्हटलं, आधी यातले दहा निवड. दोन दिवस त्याचा काही निरोप आला नाही. तिसऱ्या दिवशी आले, तेही आठच. “बाकीचे मलाच नाही आवडले,” म्हणाला. माझं निम्मं काम त्यानेच करून टाकलं होतं. होमाईबाईंच्या रोलीफ्लेक्सच्या एका रोलवर बाराच फोटो बसायचे. बारा म्हटलं की माणूस बटण दाबण्याआधी विचार करतो. आपल्याला तो विचार निदान नंतर तरी करावा लागतो.

(आणखी एक छोटी गोष्ट. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जाऊन बारीक तपशील जातो. मत हवं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर समोरचा तुमच्या फोटोऐवजी व्हॉट्सॲपच्या कामगिरीवर मत देईल.)

आता त्या आठांपैकी तिघांबद्दल सांगते, त्याच्या परवानगीनेच.

पहिला होता डाइंग मिलच्या चिमण्यांमागे मावळणारा सूर्य. कडोदरा, जोळवा, पलसाणा या पट्ट्यात ज्याच्याकडे फोन आहे, त्या प्रत्येकाने हा फोटो एकदा तरी काढलेला असतो. केशरी आकाश, काळ्या चिमण्या, वर धुराची रेघ. वाईट नव्हता. पण मी त्याला विचारलं, यात तुझं काय? त्याला उत्तर सुचेना. मग हळूच म्हणाला, तिथे उभा होतो तेव्हा पाळी सुटत होती, सायकली आणि पायी माणसं बाहेर पडत होती, ती जायची वाट पाहून मग फोटो काढला, मधे येत होती म्हणून. मी म्हटलं, अरे, तीच तर हवी होती! सूर्य रोज मावळतो. डबा लावलेल्या सायकलींची ती रांग त्याच उजेडात पुढून जाताना कशी दिसते, ते आपल्यापैकी कुणी अजून दाखवलेलं नाही.

दुसऱ्या फोटोत टेम्पोवर रचलेले पांढऱ्या कापडाचे तागे होते, भर दुपारचे. कापडाची पार चुन्याची भिंत झाली होती, एक सुरकुती दिसत नव्हती. इथे चूक नजरेची नव्हती, फोनच्या हिशेबाची होती. फोन अख्ख्या चौकटीचा उजेड मोजून सरासरी काढतो. आजूबाजूला गडद रस्ता, गडद टेम्पो. म्हणून त्याने सगळंच उजळलं आणि पांढरं उडालं. अशा वेळी पडद्यावर कापडावरच बोट टेकवायचं, शेजारी छोटं सूर्याचं चिन्ह येतं, ते खाली ओढायचं. उलट, चौकटभर फक्त पांढरं कापडच असेल तर फोन त्याला मळकट राखाडी करतो, तेव्हा तेच चिन्ह वर सरकवायचं. लग्नातल्या पांढऱ्या शर्टांना आणि नऊवारीच्या जरीलाही हाच नियम. आपलं गाव कापडाचं, तेव्हा एवढं तरी आपल्याला यायलाच हवं.

तिसऱ्या फोटोवर मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. दिवाळीनंतर आपल्याकडे ऊसतोडणी सुरू होते. चलथाण, बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी तोड करायला डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात आणि रस्त्याकडेला, शेताच्या कडेला पडाव पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, अशी त्यांची मोजणी. फोटोत एक बाई तीन दगडांच्या चुलीवर भाकरी भाजत होती. संध्याकाळचा उजेड सुंदर, धूर सुंदर, पण तिचा चेहरा असा फुटलेला की डोळे कुठे आहेत ते कळेना. त्याने रस्त्यावरूनच, पाच पट झूम करून काढला होता.

मी त्याला एवढंच म्हटलं, तू लांब उभा होतास ते फोटोत दिसतंय. तो ओशाळला, पण त्याला कळलं. फोनच्या झूमने आपण जवळ जात नाही. असलेल्याच चित्राचा तुकडा ताणून मोठा होतो. आणि जवळ न जाण्याचं कारण बहुतेक वेळा लाजच असते: विचारायचं कसं, त्या बाईला काय वाटेल? पण विचारलं नाही म्हणून तिला काही वाटत नाही, असं थोडंच आहे?

इथे मला राहुल जैन यांचा ‘मशीन्स’ हा माहितीपट आठवतो. 2016 साली आलेला, गुजरातमधल्याच एका कापड मिलच्या आत चित्रित केलेला. त्यातल्या छायाचित्रणाला 2017 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात खास पारितोषिक मिळालं, आणि ते मिळण्यासारखंच आहे. रंगाच्या हौदांवरून, कापडाच्या लोंढ्यांवरून कॅमेरा असा सरकतो की वास येईल असं वाटतं. पण मला त्यातला शेवटाकडचा भाग सगळ्यात मोठा वाटतो. कामगारांचा घोळका कॅमेऱ्यासमोर उभा राहून उलट विचारतो, की तुम्ही येता, बघता आणि निघून जाता, आमचं काय? दिग्दर्शकाने तो भाग कापून टाकला नाही. चित्रात असलेल्या माणसांनी चित्र काढणाऱ्याला दिलेला तो अभिप्राय आहे, आणि परीक्षकांच्या पारितोषिकाइतकाच त्यालाही मान हवा. होमाईबाईंनी 1970 मध्ये कॅमेरा खाली ठेवला, त्यामागेही नव्या छायाचित्रकारांचं बेशिस्त वागणं हे एक कारण त्या सांगत. (मिलच्या आत मात्र परवानगीशिवाय फोन बाहेर काढू नका, आणि परक्या लहान मुलांचे फोटो त्यांच्या आईवडिलांना न विचारता कुठेही टाकू नका. यात तडजोड नाही.)

मग मत मागायचं कुणाकडे? जाणकार भेटला तर उत्तमच. स्पर्धांना फोटो पाठवायलाही हरकत नाही, पण पहिल्या वर्षात नको. आकड्यात मिळालेल्या गुणांवरून नवख्याला काही शिकता येत नाही, फक्त हिरमोड होतो. त्यापेक्षा घरातली आजी बरी. तिच्याकडे फोटोग्राफीचे शब्द नसतात, त्यामुळे ती जे दिसतं तेच सांगते. तिला ‘कसा आहे?’ विचारलंत तर ‘छानच आहे रे’ म्हणेल. तिला विचारा, आजी, तुझी नजर आधी कुठे गेली? बाबांचा फोटो म्हणून दाखवलात आणि ती म्हणाली, “मागे ती लाल बादली कुणाची?” तर समजा, बादली बाबांना जिंकली. दोन फोटो पुढे ठेवा आणि यातला एक फाडायचा असेल तर कोणता, ते विचारा. आणि ती बोलत असताना मधे काही समजावून सांगू नका. फोटोसोबत तुम्ही दर वेळी उभे राहणार नाही.

हे सगळं एवढ्या पोटतिडकीने लिहिण्याला कारण आहे. आपल्यातली बरीच घरं धुळे, जळगाव, नंदुरबारकडून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने सुरतेला आली. कुणी लूमवर लागलं, कुणी डाइंगमध्ये, कुणी पुढे दुकान टाकलं. घरातले जुने अल्बम काढून बघा: लग्नं, बारशी, स्टुडिओतला रंगवलेला पडदा, गणपती. आजोबा ज्या मशीनपुढे तीस वर्षं उभे राहिले, तिचा एकही फोटो माझ्या तरी पाहण्यात नाही. दहा बाय दहाच्या पहिल्या खोलीचा नाही, गंगाधरा स्टेशनवर गाडीची वाट बघणाऱ्या आजीचा नाही. तेव्हा कॅमेरा नव्हता. आता प्रत्येक खिशात आहे, आणि आपण चिमण्यांमागचा सूर्य काढतोय. तुमच्या बाबांचे हात, आईचं साड्यांना स्टोन लावायचं काम, दुकानाचं शटर वर जातानाची सकाळ हे तुमच्याशिवाय दुसरं कोण काढणार? बाहेरचा छायाचित्रकार आला तरी तो चिमण्याच काढून जाईल.

तर तो मुलगा पुढच्या रविवारी पुन्हा पडावावर गेला, या वेळी आईला सोबत घेऊन. त्याची आई नंदुरबारकडची. दोघींची गावं निघाली बारा-पंधरा किलोमीटरवरची, अर्धा तास नुसत्या गप्पा झाल्या, मग फोटो. त्याने त्यातला एक स्टुडिओतून चार बाय सहाच्या कागदावर छापून आणला आणि त्या बाईला नेऊन दिला. तिने पदराला हात पुसून तो धरला, बराच वेळ पाहिला, नवऱ्याला दाखवला. मग म्हणाली, मी बरी आलेय, पण बैल अर्धाच का काढलास?

तो म्हणतो, फोटोत बैल आहे हे मला तोवर दिसलंच नव्हतं. आता येत्या रविवारी बैलासाठी जाणार आहे.