पहिलवानाची ताकद गेली कुठे?

क्रीडाशास्त्राच्या वर्तुळात हा किस्सा अजून सांगितला जातो. रॉबर्ट हिकसन मूळचे पॉवरलिफ्टर. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ते जॉन होलोझी यांच्या हाताखाली संशोधनाला आले. पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया वाढतात, हे १९६७ साली दाखवणारे ते होलोझी. ते रोज शेजारच्या फॉरेस्ट पार्कमध्ये धावायला जात. साहेबांवर छाप पडावी म्हणून हिकसनही सोबत धावू लागले. वजनं उचलणं चालूच होतं, तरी अंगावरचं मांस आणि ताकद दोन्ही ओसरू लागलं. त्यांनी ते सांगितल्यावर होलोझी म्हणाले, स्वतःची प्रयोगशाळा उभी केलीस की पहिला अभ्यास याचाच कर.

हिकसन यांनी तो केला. १९८०च्या त्या निबंधात एक गट फक्त वजनं उचलत होता, दुसरा फक्त सायकल-धावणं करत होता, तिसरा दोन्ही. तिसऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थबकली आणि नवव्या-दहाव्या आठवड्यात चक्क घसरली. दमसास मात्र दुसऱ्या गटाइतकाच वाढला.

सायकलवाल्यांनी यातून ‘जिम नको’ एवढंच उचललं. मला याचं फार वाईट वाटतं. नुकसान झालं होतं ते ताकदीचं, दमसासाचं नव्हे! शिवाय त्या गटावर आठवड्याला पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमछाक, एवढा भार होता.

पुढचा अंक त्याहून महत्त्वाचा आणि तोही हिकसन यांचाच. १९८८ साली त्यांनी मुरलेल्या धावपटू-सायकलपटूंना नेहमीच्या सरावात आठवड्याला तीन दिवस पायांचे वजनी व्यायाम जोडून दिले. दहा आठवड्यांनी पायांची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी वाढली, मांड्यांचा घेर मात्र तेवढाच राहिला. कमाल क्षमतेच्या ८० टक्के जोरावर पूर्वी ७१ मिनिटांत थकणारे आता ८५ मिनिटं पेडल मारत होते.

नॉर्वेच्या लिलेहामरमध्ये बेंट रोन्नेस्टाड यांनी नेमकी शर्यतीची अखेर तपासली. तीन तासांहून अधिक सायकल चालवून झाल्यावर पाच मिनिटांचा जीवतोड जोर. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा जड वजनं उचललेल्यांचा तो जोर सुमारे सात टक्क्यांनी वाढला.

तेव्हा बोरघाट चढणाऱ्यांनो, पावसाळ्यात सायकल कमी चालते तेव्हा जिमला जा. स्क्वॉट नीट शिकवणारा प्रशिक्षक गाठा, आठवड्यातले दोन दिवस द्या. हंगामात एक दिवसही पुरतो.