सुपारीच्या सावलीतला मुक्काम

मित्रमंडळींबरोबर समुद्रावर जायचे ठरले, की पहिला वाद होतो तो मुक्कामावरून. एकाला समुद्र जवळ हवा असतो, दुसरीला स्वच्छ न्हाणीघर, तिसऱ्याला फक्त ताजे मासे. रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरला हा वाद बराचसा मिटतो. मात्र तेथे हॉटेल न शोधता वाडीतले घर शोधावे.

रस्त्यालगत घर, मागे नारळी-सुपारीची बाग, त्यापलीकडे सुरूचे बन आणि मग सुमारे चार किलोमीटरचा किनारा, अशी येथली रचना. यातली कितीतरी घरे पाहुण्यांना खोल्या देतात. पडवीत झोपाळा, सकाळी घावन-चटणी, दुपारी सोलकढी. चैनीच्या नावाखाली एवढेच, पण चार दिवसांनी पाय निघत नाही! जेवणाची वर्दी मात्र आधी द्यावी लागते. काही घरी शाकाहारीच जेवण असते, म्हणून मासे हवे असतील तर खोली ठरवतानाच विचारून घ्यावे. उकडीच्या मोदकांसाठी आदल्या दिवशी सांगितलेले बरे.

१९९७ साली येथे एका बागेत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावात पर्यटकांची रीघ लागली. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडून तो चोरीला गेला. २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवण्यात आला.

या घरांवरचा खरा घाला मात्र ३ जून २०२० चा. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी याच परिसरात किनाऱ्यावर आदळले. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, छपरे उडाली. सुपारी लावल्यापासून ती धरायला सहा-सात वर्षे सहज जातात. म्हणजे बाग आणि पाहुणे अशा दोन आधारांवर चालणाऱ्या घराचा एक आधार एका दिवसात गेला, आणि दुसरा कोरोनाच्या टाळेबंदीने आधीच थांबवला होता. आज वाडीत उंच झाडांशेजारी एकाच उंचीची कोवळी झाडे रांगेत दिसली, तर त्यामागे बहुधा ही कहाणी असते. भाड्यात शंभर-दोनशेची घासाघीस करणाऱ्यांनी ती यजमानीणबाईंकडून जरूर ऐकावी.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकून घ्यावी, ती म्हणजे भरतीचे गणित. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, तर बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरतीचा जोर जास्त असतो. ओहोटी लागली की पाणी आत ओढते. घोळक्यात चढाओढीने पुढे पुढे जाणाऱ्या तरुणांचा घात बहुधा तेथेच होतो. म्हणून यजमानांनी 'आता पाण्यात नको' म्हटले, तर मंडळींपैकी कोणी कितीही चिडवले तरी ऐकावे. पावसाळ्यात तर समुद्र लांबूनच पाहावा.

परतताना सुपारी, आमसुले, कोकम सरबत बऱ्याच घरांतून मिळते. फक्त निघायच्या आदल्या संध्याकाळी सांगून ठेवावे, म्हणजे सकाळी गाडी खोळंबत नाही.