गच्चीवरील ऊन
लखनौ साधारण २७ उत्तर अक्षांशावर वसले आहे. म्हणून तेथील गच्चीवर सौरफलक दक्षिणाभिमुख व सुमारे तितक्याच अंशांनी कलते बसवितात. १ किलोवॉटचा संच जवळजवळ १० चौरस मीटर जागा व्यापतो आणि दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो. पौषातील धुक्यात ती घटते, हे खरे. पण ज्येष्ठात कूलर अखंड चालतात तेव्हा ऊनही मुबलक असते, आणि घरखर्चाच्या दृष्टीने महत्त्व त्यालाच. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत ३ किलोवॉटच्या संचासाठी केंद्राने ७८,००० रुपये अनुदान ठरविले. एक गोष्ट मात्र आधीच जाणून घ्यावी: बॅटरी नसलेला संच बाहेरची वीज गेली की भर दुपारीही आपोआप थांबतो. तो चालू राहिला, तर तारा दुरुस्त करणाऱ्याच्या जिवावर बेतेल.